आई-अण्णांचं ग्रीन कार्ड : सोलापूर ते बीकेसी, कागदांच्या नोंदी

ताई अमेरिकेची सिटिझन झाली आणि आई-अण्णांना कायमचं तिकडं न्यायचं ठरलं. मी इथं सोलापुरात, म्हणजे इथले सगळे कागद माझ्या गळ्यात. वहीत तारखा टाकून लिहीत गेलो होतो, तेच इथं उतरवतोय, कुणाला उपयोग झाला तर झाला. वेळ बराचसा आमच्याच कपाटातल्या कागदांनी खाल्ला, ते पुढं येईलच.

२४ मार्च २०२४

होळीचा दिवस, पुरणपोळी पुढ्यात आणि ताईचा फोन. १ एप्रिलपासून आय-१३० ची फी वाढतेय, आत्ता ५३५ डॉलर आहे, नंतर ऑनलाइन भरला तरी ६२५. आय-१३० म्हणजे ‘हे माझे आईवडील, यांना आणायचंय’ असा तिनं तिकडं करायचा पहिला अर्ज. आईवडिलांच्या बाबतीत एका अर्जात दोघं बसत नाहीत, आईचा वेगळा, अण्णांचा वेगळा. म्हणजे आठवड्यात भरला तर १८० डॉलर वाचतात, पंधरा हजार रुपये. मी म्हटलं भरून टाकू. ही पहिली चूक.

३० मार्च २०२४

दोन्ही अर्ज भरले, १,०७० डॉलर, आपले ८९ हजारांच्या आसपास. इथल्या एका एजंटाला १८ हजार देऊन ‘मार्गदर्शन’ घेतलं होतं. तो म्हणाला लग्नाचा दाखला नाही ना, मग अॅफिडेव्हिट करा, चालतंय. केलं. ताईचा जन्मदाखला कपाटात होता, स्कॅन करून लावला. त्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे हे मला दिसलं होतं. एजंट म्हणाला, जुने दाखले असेच असतात. असतात खरं, पण म्हणून चालतात असं नाही.

एप्रिल ते ऑक्टोबर २०२४

काहीच नाही. साइटवर रोज एकच वाक्य, केस मिळाली आहे. या सात महिन्यांत मी निवांत बसलो. जो कुणी हे करतोय त्यानं या काळात निवांत बसू नये, सगळे दाखले याच काळात काढून ठेवावेत. मला हे कुणी सांगितलं नाही, म्हणजे ताईनं दोनदा सांगितलं, मी ऐकलं नाही.

१९ नोव्हेंबर २०२४

दोन्ही केसवर एकाच दिवशी आरएफई, म्हणजे आणखी पुरावे द्या. ताईच्या जन्मदाखल्यात नाव नाही, तेव्हा ही मुलगी तीच कशावरून. आणि अण्णांच्या केसमध्ये लग्नाचा दाखला लावा, अॅफिडेव्हिट पुरेसं नाही. इथं एक गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली, आईसाठी अर्ज असेल तर मुलीचा जन्मदाखला पुरतो, वडिलांसाठी असेल तर सोबत आईवडिलांच्या लग्नाचाही पुरावा लागतो. अर्जाच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. १८ हजार घेणाऱ्यानं त्या वाचल्या नव्हत्या आणि मीपण नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, साहेब आरएफई सगळ्यांनाच येते.

मुदत ८७ दिवस, १४ फेब्रुवारीपर्यंत. आणि उद्या विधानसभेचं मतदान, म्हणजे प्रत्येक ऑफिसातला माणूस इलेक्शन ड्युटीवर.

२८ नोव्हेंबर २०२४

इंद्रभुवनला, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत गेलो. महापालिकेत जन्मनोंदीत मागाहून नाव टाकता येतं. खरं तर नोंद झाल्यापासून पंधरा वर्षांच्या आत टाकायचं असतं, पण सरकारनं जुन्यांसाठी मुदतवाढ दिलेली, त्यात आमचं १९८२ चं बसलं. ताई इथं नाही तर अर्ज अण्णांनी केला, तिचा शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्टची प्रत जोडली.

काउंटरवरची बाई रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाली, काका, तेव्हाच का नाही नाव घातलं? अण्णा म्हणाले, बारसं बाराव्या दिवशी, आणि हिला घेऊन दवाखान्यातून आलो पाचव्या दिवशी, तेव्हा कुठलं नाव. सोपं उत्तर आहे. त्या वर्षातल्या अर्ध्या सोलापूरचं हेच असणार.

९ डिसेंबर २०२४

लग्न नोंदणी. लग्न मे १९७५ चं, आईच्या माहेरी, मोहोळ तालुक्यात. नोंदणी जिथं लग्न झालं तिथं किंवा नवराबायको जिथं राहतात तिथं, दोन्हीकडं चालते, म्हणून सोलापुरातच केली. लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार पाहिजेत. एकोणपन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाला हजर असलेला आणि आज जिना चढू शकणारा माणूस शोधा म्हणजे कळेल. मामा गावाकडनं आले, आत्या आल्या, आणि अण्णांच्या नरसिंग गिरजी मिलमधले एक दोस्त. भटजी वारलेले, त्यांच्या सहीच्या जागी प्रतिज्ञापत्र. मार्चमध्ये १०० च्या स्टॅम्पवर भागलं होतं, या वेळी ५०० चा घ्यावा लागला.

पत्रिका कुठंच मिळत नव्हती. शेवटी आत्यांनी ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला कागद काढला, डांबरगोळीच्या वासाचा, एका कोपऱ्याला गंज लागलेला. तीच पत्रिका. शके १८९७, वैशाख, वर गणपती, खाली चि. सौ. कां. शेवंता. आईनं हातात घेतली आणि चष्मा काढून जवळ धरून वाचत बसली. एवढ्या वर्षांत तिला तिचं हे नाव छापलेलं कुणी दाखवलंच नसेल.

इथं सांगायला पाहिजे, आई माहेरची शेवंता. लग्नात अण्णांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं सुनंदा लिहिलं, तेव्हापासून सुनंदा. रेशनकार्ड, आधार, पासपोर्ट, ताईचा जन्मदाखला, सगळीकडं सुनंदा. शाळेत मात्र शेवंता. या दोन बायका एकच आहेत असं सांगणारा सरकारी कागद एकही नाही. आपल्याकडं घरोघरी हे असंय आणि कुणाला त्यात काही वाटत नाही, पण परदेशातल्या ऑफिसला हे कसं समजवायचं.

२४ डिसेंबर २०२४

लग्नाचा दाखला मिळाला. पेढे आणले.

३ जानेवारी २०२५

पेढे फुकट गेले. आज दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करायला बसलो (भाषांतर घरच्यानं केलं तरी चालतं, खाली ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे’ असं लिहून नाव, सही, पत्ता, तारीख टाकायची, प्रत्येक पानाला पैसे देऊन एजंटाकडनं करून घ्यायची काही गरज नाही) आणि तेव्हा दिसलं, वधूच्या नावात मी फॉर्ममध्ये सुनंदा लिहिलंय आणि पुढं वडिलांचं नाव आणि आडनाव माहेरचं. रकाना होता विवाहापूर्वीच्या नावाचा. हाताला सवय सुनंदा लिहायची, लिहून मोकळा. म्हणजे आता तिसरीच बाई तयार झाली, नाव सासरचं, आडनाव माहेरचं. अशी बाई कधी कुठं नव्हतीच.

आई म्हणाली, जाऊ दे की, कोण बघतंय. तिला म्हटलं आई, तेवढंच तर बघतात.

६ जानेवारी २०२५

दुरुस्तीचा अर्ज. तिथला माणूस पत्रिकेची प्रत बघून म्हणाला, पत्रिकेत शेवंता स्वच्छ छापलंय की, तुम्ही सुनंदा का लिहिलं? काय सांगणार. शाळेचा उतारा आणा म्हणाला. म्हणजे मोहोळ. आईची जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत शिकली ती. हेडमास्तरांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं, पानं पापडासारखी, दोन हातांनी उलटत होते. नाव सापडलं, शेवंता, जन्मतारीख आणि पुढं गावाचं नाव. निर्गम उतारा त्याच दिवशी हातात.

त्याच आठवड्यात राजपत्रासाठीही ऑनलाइन अर्ज टाकला, शेवंताचं सुनंदा झालं म्हणून. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव बदलाच्या जाहिराती येतात, छापून आल्यावर पीडीएफ डाउनलोड करायची. एजंट म्हणाला होता, लग्नानंतरच्या नावाला राजपत्र कशाला. आडनाव बदललं तर ठीकय, पण आपल्याकडं बायकांचं पहिलं नावपण बदलतं, आणि लग्नाच्या दाखल्यावरनं ते कळत नाही. माझं मत, ज्यांच्या आईचं असं आहे त्यांनी हे आधीच करून टाकावं, बाकी कुठलाच कागद दोन्ही नावं शेजारी शेजारी ठेवत नाही.

२७ जानेवारी २०२५

मध्ये सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा गेली, सुट्ट्या गेल्या, आज दुरुस्त दाखला मिळाला. राजपत्रही आलं. ताईच्या नावासकट नवीन जन्मदाखला गेल्या सोमवारीच मिळालाय. अण्णा दाखला हातात धरून म्हणाले, पोरीला बेचाळीस वर्षांनी नाव मिळालं.

८ फेब्रुवारी २०२५

आरएफईचं उत्तर अपलोड. मुदत संपायला सहा दिवस बाकी. एक लक्षात ठेवा, उत्तर एकदाच देता येतं. आज चार कागद, पुढच्या आठवड्यात दोन, असं नाही, जे काय आहे ते एका दमात.

ताई रात्री फोनवर म्हणाली, पंधरा हजार वाचवले आपण. मी काही बोललो नाही.

२१ मार्च २०२५

दोन्ही अर्ज मंजूर. अकरा महिने तीन आठवडे.

१० एप्रिल २०२५

केस नॅशनल व्हिसा सेंटरकडं गेली, म्हणजे मुलाखतीआधी कागद तपासणारं अमेरिकेचं ऑफिस. नवीन नंबर मिळाले, बीएमबी अक्षरांनी सुरू होणारे, म्हणजे मुलाखत मुंबईत. फी, प्रत्येकाचे व्हिसाचे ३२५ आणि ताईच्या आर्थिक हमीचे १२०, दोघांचे मिळून ८९०. बँकेचं खातं अमेरिकेतलं लागतं म्हणून ताईनंच भरली.

आता जन्मदाखले, पोलिस सर्टिफिकेट, लग्नाचा दाखला, सगळं परत अपलोड करायचंय. आय-१३० ला दिलं होतं ते सेंटरकडं आपोआप येत नाही.

१६ एप्रिल २०२५

आईच्या जन्मनोंदीसाठी मोहोळच्या तहसीलला. ऊन असलं की गाडीच्या सीटवर बसवत नव्हतं. १९७० च्या आधी जन्मलेल्यांची नोंद असेलच असं नाही, जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याच्या आधीचं खेड्यातलं काय असेल ते कोतवाल बुकात, गाव नमुना नंबर १४. अभिलेख कक्षातला माणूस लई तयार होता, २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायला लावल्या तेव्हा त्यानं हे सगळे गठ्ठे एकदा खालीवर केलेले, प्रत्येक गठ्ठ्याला नवीन चिठ्ठी. अर्ध्या तासात १९५४ चं पान समोर.

आणि पानावर काय, तर आमच्या आज्जाचं नाव आणि पुढं ‘स्त्री’. बस्स. मुलीचं नावच नाही. तारीखही शाळेच्या तारखेशी जुळत नाही, चार महिन्यांचा फरक. आज्जाला पाच मुली. ही आई का मावशी कोण सांगणार? मी म्हटलं हीच असेल, एवढं द्या. तो म्हणाला, दादा, मी देतो पण तुम्हीच अडकाल, तारीख बदलली म्हणजे पासपोर्टपासून सगळं बदलावं लागेल. चहा पाजला त्यानं वर.

त्याचं ऐकलं. नोंद आढळत नाही, असा अनुपलब्धतेचा दाखला काढला. त्याच्यासोबत शाळेचा निर्गम उतारा आणि मामा-मावशी दोघांची प्रतिज्ञापत्रं, आम्ही हिच्या जन्मापासून हिला ओळखतो अशी. एजंटाचा आग्रह होता की उशिराची जन्मनोंद करून नवा कोरा दाखलाच काढू. पण जानेवारीपासून सरकारनं उशिराच्या नोंदींचं काम थांबवलेलं आणि मार्चमध्ये नियम कडक केले. बरंच झालं. सत्तर वर्षांच्या बाईचा कालच्या तारखेचा जन्मदाखला कुणालाही खटकेल.

अण्णांचं सोपं, तेही नोंद नाही म्हणूनच. शाळेत जन्मतारीख १ जून १९५०. त्यांच्या दोन्ही भावांची १ जून, मिलमधल्या त्या दोस्ताचीपण १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना सगळ्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलंय. पण सगळ्या कागदांवर एकच आहे, त्यामुळं त्या तारखेला कुणी हात लावला नाही.

१४ मे २०२५

पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, ते पोलिस आयुक्तालयाचं चालत नाही, पासपोर्ट खात्याचंच लागतं. माणशी ५०० रुपये, अर्ज पासपोर्टच्या साइटवर. चौकीतनं फोन आला, शेजारचे दोन जण घेऊन या. शेजारचे म्हणाले, काय केलं अण्णांनी?

२ जून २०२५

डीएस-२६० भरला. हा व्हिसाचा मुख्य फॉर्म. भरायला तीन रात्री गेल्या. वयाच्या सोळाव्या वर्षापासून कुठं कुठं राहिलात ते सगळे पत्ते, तारखांसकट. अण्णा सोळा वर्षांचे १९६६ साली. तेव्हा साखर पेठेत एका वाड्यात, मग मिलच्या चाळीत, मग मुरारजी पेठ, मग जुळे सोलापूर. महिना कुठला? अण्णा म्हणतात पावसाळा होता, सामान भिजलं होतं. जून टाकला.

आणि इथं परत माझी चूक. ‘कधी दुसरं नाव वापरलंय का’ या प्रश्नाला आईच्या फॉर्ममध्ये नाही टिक झालं. रात्रीचा दीड वाजलेला. सबमिट केल्यावर फॉर्म बंद होतो, आपल्याला उघडता येत नाही. एवढं शेवंता शेवंता करून नेमकं तिथंच.

४ जून २०२५

सेंटरच्या साइटवर चौकशीचा फॉर्म असतो, त्यातनं विनंती केली की डीएस-२६० उघडून द्या, नाव राहिलंय. उघडून दिला, पण त्यात दोन आठवडे गेले. दुसऱ्यांदा भरताना आणखी एक सापडलं. शाळेच्या उताऱ्याच्या भाषांतरात मी शेवंतातला ‘व’ इंग्रजी व्ही अक्षरानं लिहिलाय आणि राजपत्रात डब्ल्यू. आता ठरवलं की राजपत्रात जसं आहे तसंच सगळीकडं, सगळी भाषांतरं नव्यानं छापली. भाषांतर सुरू करायच्या आधी एका चिठ्ठीवर सगळ्यांची स्पेलिंगं लिहून भिंतीला चिकटवा. मी हे जूनमध्ये केलं, मार्चमध्ये करायला हवं होतं. मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये.

२ जुलै २०२५

कागद परत आले. बाकी सगळं घेतलं, ताईची हमी नाही. आय-८६४ म्हणजे मी यांना पोसेन, सरकारवर भार येऊ देणार नाही असं लिहून देणं. त्यासाठी उत्पन्न गरिबीरेषेच्या सव्वापट पाहिजे. ताई, दाजी, दोन पोरं आणि हे दोघं, सहा माणसांना या वर्षी ५३,९३७ डॉलर. ताई अर्धवेळ काम करते, तिचं एकटीचं तेवढं नाही. म्हणून तिनं सगळे कागद दाजींचे लावले. पण अर्ज जिनं केला, हमी तिचीच लागते, उत्पन्न शून्य असलं तरी. दाजींनी घरातला माणूस म्हणून आय-८६४ए सही करून जोडायचं. दोन्ही केसचे वेगवेगळे सेट.

दाजी फोनवर जरा घुश्श्यात होते, पगार माझा आणि नाव हिचं. मी म्हटलं दाजी, आपल्याकडं सात-बारावर उलटं असतं, एकदा हेपण बघा. हसले.

३० जुलै २०२५

कागद पूर्ण झाल्याचा मेल. आता मुलाखतीची तारीख येईल तेव्हा.

२२ ऑगस्ट २०२५

आली. दोघांची एकाच दिवशी, २५ सप्टेंबर, मुंबई. दोन केस वेगळ्या असल्या तरी तारीख एक मिळाली हे नशीब.

१७ सप्टेंबर २०२५

मेडिकल. हे कुठल्याही दवाखान्यात चालत नाही, दूतावासानं नेमलेल्या डॉक्टरांकडंच करावं लागतं, आणि मुलाखतीच्या आधी. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं कल्याणला उतरून डोंबिवलीला चुलतभावाकडं मुक्काम टाकला, म्हाताऱ्या माणसांना दोनदा ये-जा नको म्हणून मुलाखतीपर्यंत तिथंच राहायचं. रक्त, छातीचा एक्स-रे, लसी, जुन्या आजाराच्या फायली. दोघांचं लसींसकट वीस हजारांच्या वर गेलं.

रांगेत एक आजोबा भेटले, एक्स-रेत जुना डाग निघाला म्हणून तीन दिवस थुंकी तपासायला बोलावलेलं आणि कल्चरचा रिपोर्ट यायला आठ आठवडे. कुणाला पूर्वी टीबी झाला असेल तर जुने एक्स-रे आणि औषधांचे कागद घेऊनच जा आणि मुलाखतीच्या तोंडावर तपासणी ठेवू नका.

२२ सप्टेंबर २०२५

घटस्थापना. संध्याकाळी फाइल लावायला बसलो. लग्नाचा दुरुस्त दाखला, त्याची एक प्रत. हातात घेतला तर कागद गुळगुळीत, शिक्क्याला मागून उठाव नाही. दोन्ही कलर झेरॉक्स. ओरिजिनल नाही.

बायकोला फोन. ती नव्या पेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडं गेली. दुकानदारानं न विचारता ड्रॉवर उघडला. मशिनच्या काचेवर राहिला होता, कुणाचा आहे माहीत नाही म्हणून जपून ठेवला होता त्यानं. झेरॉक्स काढल्यावर झाकण उघडून बघा, बाकी काय सांगू.

२४ सप्टेंबर २०२५

मेहुणा दाखला घेऊन काल रात्रीच्या बसनं निघाला. सीनेला पूर आलेला, लांबोटीच्या पुलावर पाणी, पुणे रस्ता बंद. गाड्यांची रांग लागलेली, पहाटेपर्यंत बसून तो सोलापूरला परत. रेल्वेनं पाठवावं तर उद्या सकाळी गाडी वेळेवर पोचेल याचा भरवसा कुणी देईना.

त्यापेक्षा वाईट म्हणजे मामांचा फोन लागेना. आईचं माहेर सीनेच्या काठालाच. दुपारपर्यंत ती फोन कानाला लावून बसलेली. तिला सांगत होतो उद्याची उत्तरं एकदा म्हणून बघू, लग्न कधी, मुलं किती. ती म्हणाली, मला माहितीय माझं लग्न कधी झालं ते.

रात्री नऊला मामांचा फोन. सगळे शाळेच्या गच्चीवर आहेत, जनावरं सोडून दिली, घरात पाणी. त्याच शाळेच्या, जिथनं उतारा आणला होता. ते रजिस्टर कुठल्या मजल्यावर असतं ते मी विचारलं नाही, पण डोक्यात आलं.

२५ सप्टेंबर २०२५

बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात, सकाळी सातला. फोन, बॅग काही आत नेता येत नाही, पारदर्शक फोल्डर आणि कागद एवढंच. मी बाहेर फूटपाथवर. साडेअकराला दोघं बाहेर आले.

आतलं अण्णांनी सांगितलं ते असं. मुलाखत मराठीत झाली, दुभाष्या होता. हात वर करून शपथ. मग आईला विचारलं तुमचं नाव काय. आई म्हणाली, शेवंता. अण्णा मागं उभे, त्यांचा जीव घशात. खिडकीतल्या साहेबानं पासपोर्ट बघितला, कागद चाळले, राजपत्राचं पान वर काढलं आणि दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, आजी, सुनंदापण तुमचंच ना? आई म्हणाली, हो, ते यांनी ठेवलेलं.

मी आईला विचारलं, असं का सांगितलंस. ती म्हणाली, काल दिवसभर सगळे शेवंताच म्हणत होते की फोनवर.

दोघांनाही २२१(जी) ची चिठ्ठी. म्हणजे कायमचा नकार नाही, अमुक कागद आणून द्या, मग पुढचं. अमुक म्हणजे लग्नाचा मूळ दाखला. बाकी कशावर काही हरकत नाही. पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतले.

३० सप्टेंबर २०२५

रस्ता सुरू झाल्यावर मेहुणा स्वतः दाखला घेऊन आला. चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणं जमा केला. आई-अण्णांना घेऊन मी सोलापूरला. आई घरी एक रात्र थांबली आणि दुसऱ्या दिवशी माहेरी, भाकरी-चटणी आणि सोलापुरी चादरींचा गठ्ठा घेऊन.

१६ ऑक्टोबर २०२५

दोन्ही पासपोर्ट आले. दिवाळीच्या चार दिवस आधी.

पैसे विचारतात म्हणून सांगतो. अमेरिकेची फी दोघांची, अर्ज १,०७०, व्हिसा आणि हमी ८९०, आणि आता कार्ड छापायचे २३५ प्रत्येकी म्हणजे ४७०, ते जायच्या आधी ऑनलाइन भरलेलं बरं. एकूण २,४३० डॉलर. इकडचं मेडिकल, प्रवास, प्रतिज्ञापत्रं, एजंट धरून साठ हजारांच्या पुढं गेलं, त्यातले एजंटाचे १८ हजार मी उधळले असंच धरतो. वेळ अठरा महिने सोळा दिवस, त्यातले निदान पाच महिने फक्त माझ्या हातानं गेलेले.

व्हिसा मेडिकलपासून सहा महिन्यांचा, १६ मार्च २०२६ च्या आत तिकडं पाय ठेवायला पाहिजे. ताई म्हणते डिसेंबरचं तिकीट काढ, पोरांना सुट्टी आहे. अण्णा म्हणाले, गड्ड्याची जत्रा झाल्याशिवाय मी हलत नाही, जत्रेतला अक्षता सोहळा बघूनच निघणार. आईला विचारलं. ती म्हणाली, आधी भावाच्या घराची भिंत उभी राहू दे. फेब्रुवारीचं काढलंय.